पाटी सातची, गाडी कुणाची?

"ओढ! अजून ओढ! अरे, खाली नाही, वर!"

"मी वरच ओढतोय, ताई! हिलाच खाली जायचंय, त्याला मी काय करू?"

भोंग्याचा आवाज संग्रहालयाच्या पत्रे घातलेल्या लाकडी शेडमध्ये असा घुमला, की छपरावरची कबुतरे भर्रकन उडाली. भोंगा दहा वर्षांचा होता आणि हळू बोलणे त्याला जन्मात जमले नव्हते. त्याच्या बाराव्या वर्षात असलेल्या बहिणीला सगळे फुटपट्टी म्हणत. एक तर ती तशीच सडसडीत आणि सरळ होती. दुसरे म्हणजे तिच्या खिशात आजोबांनी दिलेली पोलादी मोजपट्टी चोवीस तास असे. तिसरा त्यांचा मामेभाऊ, वय तेरा, टोपणनाव शंकासुर. त्याला 'आज बुधवार आहे' असे सांगितले, तरी तो 'कशावरून?' असे विचारी.

शाळेला सुटी लागल्यापासून ही तिकडी रोज सकाळी या संग्रहालयात हजर असे. पूर्वी येथे ट्रामगाड्यांचा कारखाना होता. तिघांचे आजोबा त्याच कारखान्यात मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. आता तेथे अकरा जुन्या ट्रामगाड्या जपून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तिचा इतिहास सांगणारा फलक होता. मुलांकडे काम होते काचा आणि पितळी कड्या पुसण्याचे.

आज पाळी होती गाडी क्रमांक सातची. हिरव्या चकचकीत रंगाची ही गाडी म्हणजे संग्रहालयाचा मानबिंदू! तिच्या फलकावर लिहिले होते: 'आधीच्या सहा गाड्या परदेशातून सुट्या भागांत आल्या. सातवी गाडी या कारखान्यात, येथील कारागिरांनी पहिल्या खिळ्यापासून घडवली. तीच ही.' त्याखाली ठसठशीत शब्द होते, 'तपासून खात्री केली', आणि त्याखाली आजोबांची सही.

येत्या रविवारी ही गाडी अंगणातल्या दोनशे मीटर रुळांवर पुन्हा धावणार होती, आणि ती चालवणार होते स्वतः आजोबा. भोंग्याने ही बातमी गल्लीतल्या प्रत्येक दारात, न विचारता, पोचवली होती.

"एक, दोन, तीन!" फुटपट्टी म्हणाली. दोघांनी जोर लावला. करकर करीत तावदान लाकडी चौकटीसह वर सरकले आणि खाचेतून सुटून थेट शंकासुराच्या मांडीवर आले.

"आई गं! तुम्ही काच पुसताय की माझा पाय तोडताय?" तो कळवळला. पण लगेच त्याचा स्वर बदलला. "ए, हे काय आहे?"

चौकटीची खालची कड एरवी खाचेत दडलेली असते. तेथे ना रंग पोचतो, ना फडके. त्या कोऱ्या लाकडावर छिन्नीने दोन अंक खोदलेले होते. २३.

"तेवीस?" भोंगा ओरडला. "पण ही तर सात नंबरची गाडी!"

"ओरडू नकोस," फुटपट्टी म्हणाली. तिने ते अंक बोटाने पुन्हा चाचपले.

शेडच्या पलीकडच्या भिंतीशी सुतारकाका एका गाडीच्या पायऱ्या घासत बसले होते. तिघांनी चौकट त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. काकांनी कानामागची पेन्सिल काढून त्या अंकांवरून फिरवली.

"ही आमच्या लोकांची खूण," ते म्हणाले. "तावदान हाताने घडवायचं म्हटलं, की दोन खिडक्या कधी तंतोतंत सारख्या होत नाहीत. एक जरा रुंद, एक जरा तिरकी. म्हणून ज्या गाडीला जी चौकट घासून बसवली, तिच्या पोटाखाली त्या गाडीचा नंबर कोरायचा. रंग देताना शंभर तावदानं एकत्र काढून ठेवली, तरी कोणतं लेकरू कुणाचं ते लगेच कळतं. चुकीच्या गाडीत घालायला गेलात, तर लाकूड दाद देत नाही."

"म्हणजे हे तावदान चुकून इथं आलं असेल," शंकासुर म्हणाला.

"चुकून आलं असतं, तर बसलं नसतं," काका म्हणाले. "सातच्या खिडक्यांना मी अजून हात लावलेला नाही. तिची लाकडं चांगली होती, नुसता बाहेरून रंग दिला. बाकीच्या चौकटी काय म्हणतात?"

बाकीच्या चौकटी काय म्हणत होत्या, हे पाहायला तासभर लागला. एका बाजूच्या सहा, दुसऱ्या बाजूच्या सहा. प्रत्येक चौकट वर उचलायची, भोंग्याने आडवे पडून खालून पाहायचे आणि फुटपट्टीने वहीत टिपायचे.

"तेवीस!"

"पुढची?"

"तेवीस!"

"हळू बोल रे!"

"हळूच बोलतोय! तेवीस!"

बाराच्या बारा चौकटींवर २३!

"मग सात कुठं आहे?" शंकासुर पुटपुटला.

खरे तर तिघांच्याही मनात उत्तर आले होते. शेडच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून, आणखी एक ट्रामगाडी उभी होती. घडण हुबेहूब सातसारखी. पण रंग उडालेला, छतावर कबुतरांची विष्ठा आणि आत धुळीचा थर. तिच्या पितळी पाटीवर अंक होता २३, आणि अंगावर खडूने काढलेली एक मोठी फुली. व्यवस्थापकांनी ठरवले होते, की ही गाडी शुक्रवारी कापायची. तिच्या विजेच्या मोटारी चालू स्थितीत होत्या आणि चकचकीत सातच्या मोटारी बंद पडलेल्या. तेव्हा हिच्या मोटारी काढून तिला बसवायच्या आणि हिचा सांगाडा भंगारात द्यायचा, म्हणजे शेडमध्ये जागाही होईल.

तिघे धावतच तेथे पोचले. पहिली चौकट हलेना. सुतारकाकांनी मागून येऊन पातळ पटाशीने ती सैल केली. भोंगा खाली वाकला आणि प्रथमच त्याचा आवाज खरोखर खाली आला.

"ताई... सात आहे."

तरीही फुटपट्टीने आजोबांची शिकवण सोडली नाही. एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, दुसरी शोधायची. तिने दोन्ही गाड्यांच्या खिडक्या मोजल्या. एकही जोडी जुळेना. चकचकीत गाडीतली चौकट धुळकट गाडीत बसवून पाहिली. ती निम्म्यावरच अडकली.

"पण कुणी बारा चौकटींबरोबर खिडक्याही बदलल्या असतील तर?" शंकासुराने विचारले.

"बारा खिडक्या? भिंतीसकट?" भोंगा म्हणाला. "तुझं डोकंच कुणीतरी बदललंय!"

"थांब, त्याचं बरोबर आहे," फुटपट्टी म्हणाली. "जी कधीच बदलता येत नाही, अशी वस्तू पाहायला हवी. काका, गाडीची मुख्य तुळई कुठं असते?"

सुतारकाकांनी चालकाच्या पायाखालची फळी उचलली. खाली अंधार होता. विजेरीच्या प्रकाशात एक जाडजूड सागवानी तुळई दिसली. सगळी गाडी तिच्यावर उभी होती. तिच्या अंगावर, तळहाताएवढ्या मोठ्या आकारात, खोल कोरलेला अंक होता: ७.

काका मट्कन खाली बसले. "पोरांनो," ते म्हणाले, "शुक्रवारी आपण खऱ्या सातचा गळा कापणार होतो!"

*

दोन गाड्यांची अदलाबदल झाली कशी? याचे उत्तर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांत असणार, हे शंकासुराने ओळखले. मुलांना वह्यांवरची धूळ झटकायची परवानगी होती. वाचू नका, असे कुणी सांगितले नव्हते.

रंगकामाची शेवटची वही सापडायला वेळ लागला नाही. ट्राम बंद झाल्या त्याच्या चार महिने आधीचे पान होते.

"हे बघ," शंकासुर बोट ठेवून वाचू लागला. "'गाडी सात आणि गाडी तेवीस, एकाच आठवड्यात रंगासाठी दाखल. नंबरपाट्या उतरवून खिळ्याला टांगल्या.' पुढं, 'रंग पूर्ण. पाट्या पुन्हा बसवल्या.' बस्स! खिळे बदलले! हिची पाटी तिला, तिची हिला! आणि नंतर चार महिन्यांत ट्रामच बंद झाल्या, म्हणून कुणी तावदान उचलून पाहिलंच नाही. सोपं आहे!"

"पण पाट्या बरोबर बसल्यात का, हे कुणीतरी तपासलं असेल ना?" भोंग्याने विचारले. "आजोबा म्हणतात, तपासल्याशिवाय तिथून साधा स्क्रूसुद्धा..."

तो थांबला. कारण फुटपट्टी एकटक पानाच्या शेवटच्या ओळीकडे पाहत होती.

'पाट्या तपासल्या. बरोबर आहेत.' आणि सही. पहिले अक्षर लांब शेपटीचे, शेवटी दोन ठिपके.

हीच सही तिच्या प्रगतिपुस्तकावर असे, कारण आई-बाबा परगावी असले की आजोबाच सही करीत. हीच सही फलकावर होती. आणि प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहणारे आजोबा तिला दर वेळी सांगत, "हात लावून तपासल्याशिवाय सही करायची नाही. सही म्हणजे आपली जीभ, कागदावर ठेवलेली."

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"आजोबांनी तपासलंच नाही?" भोंगा कुजबुजला. त्याला कुजबुजता येते, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

"तपासलं असतं, तर..." शंकासुराने वाक्य पुरे केले नाही.

फुटपट्टीने वही मिटली. तिच्या डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. अंगणात माणसे, धुतलेल्या कोटातले आजोबा, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणते आहे, यांच्याच चुकीमुळे. तिला वाटले, हे एक पान फाडले तर? कुणाला कळणार आहे? आणि असा विचार आपल्याच डोक्यात आला, याचाच तिला इतका धक्का बसला, की तिने वही झटकन फडक्यात गुंडाळून टाकली.

"गाडी वाचवायची," ती म्हणाली. "पण वहीचं सध्या कुणाला सांगायचं नाही. काय?"

"हे बरोबर आहे का?" शंकासुराने विचारले.

"माहीत नाही!" ती जवळजवळ ओरडलीच.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर धडधडला.

*

फाटकातून ट्रॅक्टर आत आला. मागोमाग गॅसची नळकांडी लादलेला टेम्पो आणि चार माणसे. पुढे पोट, मागे माणूस, असा भंगारवाल्यांचा मुकादम उतरला.

"शुक्रवार ठरला होता ना?" सुतारकाका व्यवस्थापकांकडे धावले. मुलेही धावली.

व्यवस्थापक बोटावर किल्ली फिरवत उभे होते. "शुक्रवारी मला सवड नाही. आजच उरकून टाकू. एका कामाची कटकट कमी."

"साहेब, ती गाडी तेवीस नाहीच!" भोंगा गरजला. "तीच सात आहे!"

"बाळ, पाटी वाचता येते ना?"

"पाट्या बदलल्यात," फुटपट्टी म्हणाली. तिने सगळे क्रमाने सांगितले. बारा चौकटी, खिडक्यांची मापे, तुळई. वहीचे तेवढे सांगितले नाही.

व्यवस्थापक हसले. "अगं, सातचा इतिहास कुणी तपासून दिला, ते फलकावर वाच. तुझ्या आजोबांची सही आहे! चाळीस वर्षांत ज्यांचा शब्द चुकला नाही, ते चुकले, असं म्हणायचं आहे का तुला?"

सुतारकाका, मुकादम, ट्रॅक्टरवाला, सगळे तिच्याकडे पाहत होते.

"हो," फुटपट्टी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चुकलेत."

"वा! घरच्या घरी तपासनीस!" व्यवस्थापकांनी किल्ली खिशात टाकली. "सुटीत आलात, काचा पुसा. मुकादम, शेड लाकडी आहे, आत ज्वाला पेटवायची नाही. गाडी ओढून अंगणात घ्या आणि मग कापा." असे म्हणून ते कार्यालयात फोन घ्यायला गेले.

"शंकासुरा, सायकल!" फुटपट्टी दबक्या आवाजात म्हणाली. "आजोबांना घेऊन ये. जाऊन-येऊन किती वेळ?"

"अर्धा तास. पण गाडी अर्धा तास थांबेल कशावरून?"

"ते मी बघते. जा!"

शंकासुराने आयुष्यात पहिल्यांदाच दुसरी शंका काढली नाही.

येथे ट्रामविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आगगाडीच्या इंजिनासारखी ट्राम टोकाला जाऊन वळवावी लागत नाही. तिला दोन तोंडे असतात. चालक एका टोकाकडून उठतो, डबा ओलांडून दुसऱ्या टोकाला जातो आणि उलट दिशेने निघतो. त्यामुळे चालकाच्या जागा दोन, घंटा दोन आणि हातब्रेकची चाकेही दोन. दोन्ही ब्रेक एकाच साखळदंडाने चाकांना जोडलेले असतात. एक सोडला आणि दुसरा आवळलेला राहिला, तर गाडी तसूभरही हलत नाही. मुलांना हे पाचव्या वर्षापासून ठाऊक होते. मुकादमाने मात्र आजवर मोटारगाड्या आणि टाक्याच कापल्या होत्या.

फुटपट्टी फडके आणि गुंडाळलेली वही घेऊन धुळकट गाडीत शिरली, थेट भिंतीकडच्या टोकाला गेली. भोंगा मागोमाग होताच. दोघांनी पितळी चाकाला लोंबकळून ते फिरवले. कट्... कट्... कट्... खालचा खटका दातेरी चक्रात बसत गेला. चाक आणखी फिरेना, तेव्हा फुटपट्टी त्याच्या बुंध्याशी पाय पसरून बसली आणि पितळ पुसू लागली.

पलीकडच्या टोकाला मुकादम चढला. त्याने समोरचे चाक पाहिले, खटका लाथेने उडवला आणि चाक गरगर सोडून दिले. "ब्रेक सुटला! ओढ रे!"

ट्रॅक्टर गुरगुरला. साखळी ताणली गेली. गाडी कण्हली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अजून ओढ!"

ट्रॅक्टरची मागची चाके गरगरली. काळा धूर निघाला. गाडी ढिम्म!

"चाकं गंजली असतील. तेल घाला!"

तेल घातले. घणाने चार ठोके घातले. मुकादमाने बुटाने पाचवा घातला आणि बूट धरून एका पायावर नाचला. भोंग्याला हसू दाबता येईना. त्याने फडके तोंडात कोंबले.

"ए पोरांनो!" मुकादम घाम पुसत म्हणाला. "ही गाडी का हलत नाही, काही ठाऊक आहे का तुम्हाला?"

"आम्ही सुटीत आलोय, काका," फुटपट्टी नम्रपणे म्हणाली. "साहेबांनी फक्त काचा पुसायला सांगितलंय."

वीस मिनिटे गेली. पंचवीस गेली. व्यवस्थापक बाहेर आले आणि घड्याळ पाहू लागले. मुकादमाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "साहेब, हलत नाही म्हटल्यावर इथंच थोडी कापू. पाण्याच्या दोन बादल्या ठेवतो जवळ."

व्यवस्थापक क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "बरं... जपून."

लाकडी शेड, लाकडी गाडी, आणि आत आग! दोन माणसे नळकांडे लोळवत जवळ आणू लागली.

"थांबा!" भोंग्याने तोंडातले फडके काढले आणि जन्मभर साठवलेला सगळा आवाज एकदम बाहेर काढला. "शेडमध्ये आ-ऽ-ऽ-ग! आत जाळ करणार आहेत! सगळे इकडे या-ऽ-ऽ!"

पत्रे थरारले. बाहेरच्या रस्त्यावरची माणसे फाटकापाशी जमली. एका माणसाच्या हातातून नळकांडे सुटले आणि गडगडत भिंतीला लागले. त्याच क्षणी फाटकातून सायकल आत आली. मागे काठी आडवी धरून आजोबा बसलेले!

*

आजोबा उतरले. त्यांनी ना मुकादमाकडे पाहिले, ना व्यवस्थापकांकडे.

"कोणती तुळई?" एवढेच विचारले.

सुतारकाकांनी फळी उचलली. आजोबा गुडघ्यांवर बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि उजवा हात अंधारात घातला. त्यांची बोटे लाकडावरून सावकाश फिरत राहिली.

"सात," ते अखेर म्हणाले. "डावीकडचा बाक जरा जास्त खोल. मला काम शिकवणारे माझे उस्ताद डावखुरे होते. हा त्यांचा हात." ते उठले. "रंगकामाची शेवटची वही आणा. कुणीतरी पाट्या तपासल्याची सही केली असेल. ती कुणाची, ते मला पाहायचं आहे."

व्यवस्थापक गडबडले. "वही... असेल कुठंतरी. शोधतो."

फुटपट्टी गाडीच्या दारात उभी होती. फडक्यातली वही तिने छातीशी घट्ट धरली होती. आजोबांनी वर पाहिले. त्यांची नजर वहीवर गेली, मग तिच्या डोळ्यांवर. आणि तिला जाणवले, की आजोबांना उत्तर कळले आहे.

"आण, बेटा," ते हळूच म्हणाले.

तिने वही दिली. आजोबांनी चष्मा लावला, पान वाचले आणि पुन्हा वाचले.

"आजोबा, तुम्हाला त्या दिवशी बरं नसेल," ती घाईघाईने म्हणाली. "किंवा कुणीतरी घाई केली असेल..."

"कारण शोधू नकोस," आजोबा म्हणाले. "मला बरं होतं. घाईही नव्हती. पाट्या लावलेल्या दिसल्या, गाड्या सारख्या दिसल्या, वाकायचा कंटाळा केला आणि सही केली. एवढंच." मग ते जमलेल्या सगळ्यांकडे वळले आणि शाळेत धडा म्हणावा तशा स्वच्छ आवाजात बोलले. "ही सही माझी आहे. चूक माझी आहे. फलकावरची दुसरी सही या पहिल्या सहीच्या भरवशावर केली, म्हणजे तीही माझी चूक. उस्तादांनी घडवलेली गाडी आज माझ्या सहीनं कापली जाणार होती. या पोरांनी ती वाचवली."

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. व्यवस्थापकांना तोंड कुठे लपवावे ते कळेना.

"पण... पण मग रविवारी काय?" ते चाचरले. "मोटारी? आता काय ही चकचकीत कापायची?"

"कशाला?" फाटकापाशी सायकल टेकवून आलेला शंकासुर म्हणाला. "चालू मोटारी खऱ्या सातखालीच आहेत. तिला फक्त रंग आणि खरी पाटी हवी. दोन्ही गाड्या राहतील. कापायचं कारणच काय उरलं?"

"हे मला आधी का नाही सुचलं?" व्यवस्थापक म्हणाले.

"कारण तुम्ही विचारलंच नाहीत, साहेब," सुतारकाका म्हणाले. "मी वर्षभर इथंच बसलोय."

"ते सगळं ठीक," मुकादम कपाळ चोळत म्हणाला, "पण ही बया हलत का नव्हती, ते तरी सांगा!"

भोंगा धावत भिंतीकडच्या टोकाला गेला आणि खटका उडवला. पितळी चाक भिरभिरत सुटले. ट्रॅक्टरने नुसते हुंगल्यासारखे केले आणि गाडी लोण्यासारखी सरकली. मुकादमाने आ वासला.

"दोन ब्रेक!" तो म्हणाला. "आणि मी इकडं घण मारतोय!" मग तोच पोट धरून हसू लागला. "पोरी, तुला माझ्या टोळीत यायचं असेल, तर सांग. उद्यापासून मुकादम तू!"

आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फुटपट्टीच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्यांसमोर मी चुकलो, असं तू म्हणालीस?"

तिने मान खाली घातली. "हो."

"माझ्या हाताखाली तीस माणसं होती. तसं म्हणायची हिंमत एकानंही केली असती, तर ही गाडी इतकी वर्षं परका नंबर लावून धूळ खात उभी राहिली नसती. शाबास, बेटा!" मग त्यांनी वहीवर बोट ठेवले. "आणि वही लपवलीस, ती मात्र पुन्हा कधी लपवू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही."

*

रविवारपर्यंत कुणाच्या हाताला उसंत नव्हती. सुतारकाका, मुकादमाची चार माणसे आणि तिकडी, सगळ्यांनी मिळून खऱ्या सातला घासले, रंगवले. मुकादम स्वतः छतावरची कबुतरांची घाण काढत होता. खरी तेवीस फाटकाजवळ नेऊन ठेवायचे ठरले, मुलांची वाचनखोली म्हणून. तिच्या बारा खिडक्या भोंग्यानेच पुसल्या, आणि प्रत्येक पुसून झाली की त्याने तसे जाहीर केले.

रविवारी सकाळी नवा फलक लावायचा होता. आजोबांनी मजकूर स्वतः लिहिला होता. त्यात गाडी कुणी घडवली, ते होते; नंबरपाट्यांची अदलाबदल कशी झाली, ते होते; आणि एक ओळ अशी होती: 'ही चूक मुख्य तपासनीसाने न तपासता केलेल्या सहीमुळे झाली.' व्यवस्थापकांनी ती ओळ गाळावी म्हणून फार विनवले. आजोबा ऐकेनात.

खाली शब्द होते, 'तपासून खात्री केली', आणि पुढे जागा कोरी.

आजोबांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि ते फुटपट्टीपुढे धरले. "इथं तुझी सही."

"माझी?" ती दचकली. "आजोबा, तुम्ही..."

"मी नाही. ज्यानं तपासलं, त्यानं करायची."

अंगणात माणसे उभी होती. व्यवस्थापक टाळ्या वाजवायला हात वर करून तयार होते. शंकासुर आणि भोंगा तिला कोपराने ढोसत होते. फुटपट्टीने पेन घेतले, फलकाकडे पाहिले आणि थांबली.

"एक मिनिट," ती म्हणाली.

तिने पेन भोंग्याच्या हाती दिले, ती नव्या रंगाच्या गाडीत चढली, चालकाच्या पायाखालची फळी उचलली आणि नव्या फ्रॉकची पर्वा न करता गुडघ्यांवर बसली. तिने ती खूण तीन दिवसांत दहा वेळा पाहिली होती. तरीही तिने हात अंधारात घातला आणि बोट सावकाश फिरवले. डावीकडचा बाक, जरा जास्त खोल. मग वर वळणारी रेघ.

ती बाहेर आली. हात तेलाने काळे झाले होते. आजोबांनी मान हलवली, एकदाच.

मग तिने सही केली.